सातवी-आठवीच्या वयात मुलांचे मन शाळेतून का उडते? (खान्देशातील अनुभव अपेक्षित)

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. जळगाव जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवतो. शाळाबाह्य मुलांविषयी पुष्कळ लिहिले जाते, त्यांची सर्वेक्षणे होतात, दारोदार जाऊन नावे नोंदवली जातात. मला येथे निराळ्या मुलांविषयी विचारायचे आहे. ही मुले पटावर आहेत, नाव पुकारले की ‘हजर’ म्हणतात, गणवेशही ठीकठाक असतो. पण सहावी ते नववीच्या दरम्यान केव्हातरी त्यांनी शाळेवरचे मन काढून घेतलेले असते. त्यानंतर वर्गात जे बसते ते केवळ शरीर. दहावीच्या निकालानंतर आपण ज्याला नापास म्हणतो, तो मुलगा बहुतेक वेळा त्याच्या दोन-तीन वर्षे आधीच शाळेतून गेलेला असतो.

आपल्याकडील रचनाच पाहा. बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत असते आणि पुढे मूल मोठ्या गावातील हायस्कुलात येते. गावच्या शाळेत गुरुजींना मुलाचे घर, शेत आणि घरातले भांडणही ठाऊक असते. हायस्कुलात प्रत्येक तासाला शिक्षक बदलतो, तुकडीत पन्नास-साठ मुले असतात आणि पहिले कित्येक आठवडे मुलाची ओळख म्हणजे त्याचा हजेरी क्रमांक. हे स्थित्यंतर नेमके त्या वयात येते, ज्या वयात मुलाला आईवडिलांखेरीज आणखी एखादे मोठे माणूस जवळचे हवे असते. जॅकलीन एक्लेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अमेरिकेतील शाळांच्या संदर्भात असाच युक्तिवाद केला होता: मुलाला स्वतःचे मत मांडावेसे वाटू लागते तेव्हा शाळा नियंत्रण वाढवते, इतरांशी झालेली तुलना सर्वाधिक बोचू लागते तेव्हा शाळा क्रमांक लावू लागते, आणि आधाराची गरज असते तेव्हा शिक्षक दुरावतो. तेथील शाळा आणि आपली शाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, परंतु हे निरीक्षण वाचताना मला आमचा आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर दिसत होता.

आणखी एक उंबरठा आठवी आणि नववी यांच्यामध्ये आहे. शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयाला, म्हणजे आठवीपर्यंत आहे. शाळेत शिजणारा पोषण आहार आणि मोफत पाठ्यपुस्तके तेथेच थांबतात. नववीत गेलेल्या मुलाला शाळा अचानक महाग होते आणि अवघडही होते.

आपापल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती. ‘मोबाईलमुळे’ एवढ्या एका शब्दावर कृपया थांबू नये.

चाळीसगावकर_आप्पा

सर, आपण आधीच मज्जाव केला असला तरी मी तेच लिहिणार. माझा नातू सातवीत आहे. रात्री बारापर्यंत पांघरुणात मोबाईल आणि सकाळी वर्गात डुलक्या. आमच्या वेळी करमणुकीला पोळा आणि जत्रा एवढेच होते, त्यामुळे शाळाही करमणूकच वाटायची. आता शाळेला स्पर्धक आला आहे आणि त्या स्पर्धेत फळा हरतो आहे, एवढे साधे गणित आहे.

सातपुडा_पायथा

आप्पा, तुमचे गणित तुमच्या घरापुरते बरोबर असेल. पण मी ज्या आश्रमशाळेत शिकवतो तेथे मुलांजवळ मोबाईल नसतात आणि तरीही सरांनी वर्णन केलेले, मन काढून घेतलेले मूल मला रोज दिसते. तेव्हा मूळ अन्यत्र शोधावे लागेल.

आमची बहुतेक मुले पावरा आणि भिल्ल कुटुंबांतील आहेत. घरी पावरी किंवा भिली, बाजारात अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशा तीन पायऱ्या ती रोज चढतात-उतरतात. पहिली-दुसरीत याची चर्चा होते, प्रशिक्षणे होतात, चित्रांचे तक्ते येतात. सहावी-सातवीत मात्र सर्वांनी गृहीत धरलेले असते की भाषेचा प्रश्न सुटला. वस्तुतः तेव्हाच तो नव्याने उभा राहतो, कारण आता पुस्तकात ‘बाष्पीभवन’, ‘अपूर्णांकांचे सममूल्य रूप’, ‘संविधानाची उद्दिष्टे’ असे शब्द येतात. मुलाला वस्तू ठाऊक असते, शब्द अंगावर येतो. लहान मूल ‘मला कळले नाही’ असे म्हणून टाकते. तेरा वर्षांचा मुलगा तसे म्हणत नाही, कारण वर्ग हसेल याची त्याला धास्ती असते. तो गप्प बसतो आणि आपण त्या गप्प बसण्याला शिस्त समजतो.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून असंख्य कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बारा-तेरा वर्षांचे मूल सोबत गेले तर पडावावर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवर, धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, मोळ्या बांधू लागते. काही मुले वसतिगृहात मागे राहतात, काही जातात. गेलेल्यांपैकी बरीच होळीच्या सुमारास परततात, कारण सातपुड्यात होळीला घरी नसणे ही कल्पनाच कोणाला सहन होत नाही. स्थलांतरित मुलांसाठी, जेथे जातील तेथील शाळेत दाखवायचे शिक्षण हमी पत्रक देण्याची तरतूद आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु पडावाजवळची शाळा गुजराती माध्यमाची असेल तर त्या कागदाचे मुलाने काय करावे?

होळीनंतर परत आलेले मूल वर्गाच्या दारात उभे राहते, त्या पहिल्या दिवशी काय घडते याकडे माझे बारीक लक्ष असते. त्याचे पुढचे वर्ष पुष्कळदा त्याच दिवशी ठरते.

कपाशीचं_बोंड

मी शिक्षक नाही, पालक आहे. पाच एकर कोरडवाहू, त्यात कपाशी. वरच्या शेवटच्या वाक्यावर मला लिहावेसे वाटले.

दिवाळीची सुटी संपते, पण वेचणी संपत नाही. मजूर मिळत नाहीत आणि कापूस झाडावर राहिला तर भिजतो किंवा गळतो. म्हणून मी गेल्या हंगामात आठवीतल्या मुलाला घरी ठेवले. हे योग्य नव्हे, हे मला कोणी सांगण्याची गरज नाही. परंतु त्या दिवसांत तो काय करत होता, तेही सांगतो. बांधावर ताणकाटा टांगून तो प्रत्येक बाईचे गाठोडे मोजत असे, वहीच्या मागच्या पानावर नावापुढे किलो लिहीत असे, आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मजुरीची बेरीज करून त्यातून आधी दिलेली उचल वजा करत असे. व्यापारी क्विंटलमागे कट्टी, म्हणजे वजनातली कपात, किती धरतो आणि त्यामुळे प्रत्यक्ष भाव किती पडतो, हे त्याने मला तोंडी सांगितले. त्याच्या गुणपत्रकावर मात्र गणितासमोर तांबडी रेघ आहे.

तो शाळेत परत गेला तेव्हा त्याला सांगण्यात आले की, आधी सर्व विषयांच्या वह्या पूर्ण करून आण. रात्री कंदील-दिव्याचा काळ राहिला नाही, वीज असते, तो बसला लिहायला. मित्राच्या वह्या आणून तो आठवडाभर उतरवत राहिला. मी विचारले, ‘हे काय लिहितोस ते समजते का?’ तर म्हणाला, ‘समजनं नही, पन पुरी करनी शे.’ तिकडे वर्ग पुढे चालला होता. वह्या पूर्ण झाल्या, सही मिळाली आणि त्याच सुमारास त्याने मला पहिल्यांदा विचारले की, नववीला जाणे भागच आहे का.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

भाऊ, आपला प्रतिसाद मी शिक्षक-कक्षात वाचून दाखवला. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका सहकाऱ्याने विचारले की, तपासणीला अधिकारी आले आणि वह्या अपूर्ण निघाल्या तर उत्तर कोणी द्यायचे. प्रश्न खोटा नाही. वही हा शिक्षकाने शिकवल्याचा पुरावा होऊन बसला आहे, त्यामुळे मुलाला कळले की नाही यापेक्षा पान भरले की नाही हे आधी पाहिले जाते. गैरहजर राहिलेल्या मुलावर त्याचा भार दुप्पट पडतो: तो राहून गेलेले शिकत नाही, आणि राहून गेलेले उतरवण्याच्या नादात चालू आहे तेही त्याच्या हातून निसटते.

ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची ‘असर’ या शिक्षणस्थितीविषयक अहवालाची २०२३ सालची पाहणी येथे आठवते. त्या वयाची सुमारे ८७ टक्के मुले कोठे ना कोठे शिकत असल्याचे तीत आढळले. पण सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सफाईने वाचता येत नव्हता. अशा मुलाला आठवीचे विज्ञानाचे पुस्तक म्हणजे बंद दार आहे. त्याचे ‘लक्ष नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा लक्ष देऊन त्याला मिळणार काय आहे, हा प्रश्न आपण टाळतो.

खान्देशकन्या

सर्वांनी मुलांविषयी लिहिले आहे, त्यात मुलीही अंतर्भूत असतील असे समजते. तरी मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अगदी वेगळी आहे आणि ती म्हणजे बस.

आमच्या वाडीहून शाळा आठ-नऊ किलोमीटरवर आहे. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाची मुलींसाठीची निळी बसही येते, आणि या दोन गोष्टी नसत्या तर आमच्या भागातील निम्म्या मुली सातवीनंतर घरी बसल्या असत्या, असे मी शपथेवर सांगेन. म्हणून ही तक्रार समजू नये. पण बसची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. माझी पुतणी आठवीत आहे. शेवटची तासिका सुरू होण्याच्या सुमारास बसच्या मुली दप्तर आवरू लागतात. शिक्षकही मग त्या तासाला नवीन काही घेत नाहीत. खो-खोचा सराव शाळा सुटल्यावर, विज्ञान प्रदर्शनाची तयारी शाळा सुटल्यावर, स्नेहसंमेलनाच्या तालमी शाळा सुटल्यावर. शाळेविषयी आपुलकी निर्माण करणारे जे जे आहे ते सुटल्यानंतर सुरू होते, आणि त्या वेळी या मुली फलाटावर उभ्या असतात. पुतणी चांगली धावते, परंतु संघाची निवड ज्या संध्याकाळी झाली त्या संध्याकाळी ती बसमध्ये होती. आता तिला विचारले की शाळेत काय चालले आहे, तर ती म्हणते, ‘त्या मुलींचं काहीतरी चालू आहे.’

त्याच वयात पाळी सुरू होते. शाळेत स्वच्छतागृह आहे, पाणी मार्चनंतर नसते. महिन्यातले ते तीन-चार दिवस घरी राहिलेल्या मुलीलाही ‘वह्या पूर्ण कर’ हाच नियम लागू होतो, आणि ती का आली नव्हती हे ती पुरुष शिक्षकांना सांगू शकत नाही.

पटसंख्या_वीस

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे मूल सातवीपर्यंत हसतखेळत असते आणि हायस्कुलात गेल्यावर कोमेजते, असा सूर वर उमटला आहे. तो ऐकायला गोड वाटतो, पण सरसकट खरा नाही. वीस पटाच्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात, त्यातील एक बहुधा ऑनलाइन माहिती भरत असतो. मूल ओळखीचे असते हे खरे. परंतु ओळख असल्यामुळेच त्याचे कच्चे राहिलेले वाचन आपण वर्षानुवर्षे माफ करतो आणि पुढच्या वर्गात ढकलतो. हायस्कुलाच्या माथी जे येते त्यात आमचाही वाटा आहे.

कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची व अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे. परीक्षेच्या धाकाने मुले अभ्यास करतील असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याचे मन आधीच निघाले आहे त्याला तो धाक शाळा सोडण्याचे आयते कारण पुरवतो.

वाचक_धुळे

शिक्षणशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून दोन-तीन मुद्दे जोडते.

पहिला मुद्दा: ‘मन लागणे’ ही एकजिनसी गोष्ट नाही. फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस यांनी २००४ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेताना तिच्या तीन बाजू वेगळ्या केल्या. एक वर्तनाची, म्हणजे येणे, बसणे, गृहपाठ करणे. दुसरी भावनेची, म्हणजे शाळा आपली वाटणे. आणि तिसरी बुद्धीची, म्हणजे समजून घेण्यासाठी खरोखर झटणे. वर आलेली उदाहरणे या दृष्टीने पाहावीत. कपाशी वेचून परतलेला मुलगा वह्या उतरवत होता तेव्हा वर्तनाची बाजू शंभर टक्के होती आणि उरलेल्या दोन्ही रिकाम्या होत होत्या. बसने जाणाऱ्या पुतणीची बुद्धी शाबूत आहे, भावना तुटली आहे. या दोघांवर एकच औषध चालणार नाही.

दुसरा मुद्दा: एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार माणसाला आतून काम करावेसे वाटण्यासाठी तीन गरजा भागाव्या लागतात. आपल्या निर्णयाला काही किंमत आहे, आपल्याला हे जमते आहे आणि येथे आपले कोणीतरी आहे, अशी ती भावना असते. त्या मुलाला बांधावर ताणकाट्यापाशी या तिन्ही गोष्टी मिळत होत्या. शाळेत एकही मिळत नसेल तर शेत शाळेला हरवते, आणि आप्पांचा मोबाईलही तिला याच कारणाने हरवतो.

तिसरा मुद्दा आप्पांच्या बाजूचा आहे. किशोरवयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप उशिरा येते आणि सकाळी जाग येत नाही. १३ ते १८ वयात आठ ते दहा तास झोप लागते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये, अशी शिफारस केली. आपल्याकडे २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय झाला, पण ज्या वयाला सकाळ सर्वांत जड जाते ते वय त्यात आले नाही. खान्देशात मार्चपासून उन्हामुळे सकाळची शाळा करण्यावाचून गत्यंतर नसते, हे मान्य आहे. मग निदान त्या महिन्यांत पहिल्या तासाला गणित ठेवू नये, एवढे वेळापत्रक करणाऱ्यांच्या हातात आहे.

चाळीसगावकर_आप्पा

ताई, बाजू घेतल्याबद्दल आभार. घड्याळ पुढे सरकते हे पटले, पण पांघरुणातला उजेड ते आणखी पुढे ढकलतो, यावर मी ठाम आहे. नातवाचा मोबाईल आता रात्री माझ्या उशाशी असतो. तो रुसला आहे.

भोंगेवाला

मी याच विषयाचा जिवंत नमुना आहे, म्हणून लिहितो. सध्या जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका पाइपच्या कारखान्यात देखभाल विभागात काम करतो.

आठवीत मी सर्वांत मागच्या बाकावर असे. इंग्रजी आणि गणित दोन्ही सुटलेले. एके दिवशी प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपक बंद पडला आणि मी जाऊन वायरचा सुटलेला जोड बसवला. घरी काकांचे मांडवाचे काम असल्यामुळे तेवढे येत होते. दुसऱ्या दिवसापासून क्रीडाशिक्षकांनी ते काम माझ्याकडे दिले. ॲम्प्लिफायरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, सकाळी भोंगा सुरू करायचा तो मीच, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला तर मुख्याध्यापकही मला विचारून माइक हातात घेत. मी आजारी पडलो तर शाळेत कोणाला तरी कळत असे. मी नववीत शाळा सोडली नाही, त्यामागे एवढेच कारण आहे.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण अशा कथा ऐकून लोक हुरळतात. त्या किल्लीने मला शाळेत टिकवले, शिकवले नाही. इंग्रजी दहावीपर्यंत तसेच राहिले आणि आयटीआयला यंत्राची पुस्तिका वाचताना त्याची किंमत मी मोजली. ताईंनी सांगितलेल्या तीन बाजूंपैकी एक भरली आणि तिसरीकडे कोणी पाहिलेच नाही. क्रीडाशिक्षकांनी जर इंग्रजीच्या सरांना सांगितले असते की, हा पोरगा रोज अर्धा तास आधी येतो, त्या वेळात त्याला दोन ओळी वाचायला लावा, तर मी नाही म्हटले नसते. त्या वयात मी त्या शाळेसाठी काहीही केले असते.

पटसंख्या_वीस

भोंगेवाला भाऊ, आपले हे शेवटचे वाक्य प्रत्येक शिक्षक-कक्षात लावण्याजोगे आहे. अमळनेरला साने गुरुजी शिक्षक असताना वसतिगृहही सांभाळत असत. वर्गातले मूल आणि वर्गाबाहेरचे मूल त्यांना एकाच वेळी दिसत असे. आज क्रीडाशिक्षकाला एक मूल दिसते, इंग्रजीच्या शिक्षकाला दुसरे, वर्गशिक्षकाला तिसरे, आणि हे तिन्ही एकच आहे हे बोलायला मधली सुटी पुरत नाही.

सातपुडा_पायथा

आमच्याकडे स्थलांतरातून परतलेल्या मुलांसाठी यंदा आम्ही एक छोटा बदल केला, तो नोंदवतो. पहिले दोन आठवडे त्यांना मागच्या वह्या उतरवायला सांगायच्या नाहीत. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने, राहून गेलेल्या भागातील जे आल्याशिवाय पुढचे कळणारच नाही तेवढेच निवडायचे. गणितात ते चार-पाच मुद्द्यांच्या पुढे जात नाही, इतिहासात तर फारच थोडे निघाले. ते मूल आणि त्याच भाषेचा वर्गमित्र यांना सायंकाळच्या अभ्यासिकेत एकत्र बसवायचे आणि पावरीत बोलू द्यायचे. सर्व मुले रुळली असा दावा मी करणार नाही. दोघे पुन्हा गेले. पण जे राहिले त्यांतील एका मुलीने वर्गात हात वर करून, पावरी आणि मराठी मिसळून, प्रश्न विचारला आणि कोणी हसले नाही.

कपाशीचं_बोंड

सर, ही पद्धत आमच्या हायस्कुलात सुरू करता येईल का? दुसरे विचारायचे होते. मुलाने आठवीत शिष्यवृत्तीचा एक अर्ज भरला होता, त्याने नववीचा खर्च निघेल असे कोणी म्हणाले. ते खरे आहे का?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

भाऊ, आपण बहुधा एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या, परीक्षेविषयी विचारत आहात. ती आठवीत होते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून लागतो. दरवर्षी ठरावीक गुण राखावे लागतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

वह्यांविषयी मुख्याध्यापकांशी बोलणे झाले. गैरहजर राहिलेल्या मुलाच्या वहीत ‘निवडक भाग पूर्ण’ असा शेरा विषयशिक्षकाने तारखेसह लिहावा आणि तपासणीत तोच ग्राह्य धरण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी घ्यावी, एवढ्यावर सहमती झाली आहे. दोन सहकाऱ्यांचा विरोध कायम आहे. कोणता भाग निवडायचा यावरून विज्ञानात आमचे अजून एकमत झालेले नाही. सातपुडा_पायथा यांनी आपली गणिताची यादी येथे टाकली तर बरे होईल.

खान्देशकन्या ताई, बसबाबत आगारप्रमुखांकडे अर्ज करता येतो. शाळेच्या पत्रासोबत मार्गनिहाय मुलींची यादी आणि शाळेची वेळ जोडावी लागते.

खान्देशकन्या

अर्ज मागच्या वर्षी दिला होता सर, पण सत्र निम्मे उलटल्यावर, तेव्हा फेऱ्या ठरून गेल्या होत्या. यंदा यादी जूनमध्येच देतो आहोत. बस पाऊण तास पुढे गेली नाही तर खो-खोचा सराव मधल्या सुटीआधीच्या तासाला घ्यावा, असेही त्याच पत्राच्या प्रतीवर मुख्याध्यापकांना लिहिले आहे. पुतणीची सही पहिली आहे.